मागच्या मांजराचे काय झाले?

वसुबारस आली की आमच्या सासूबाईंपुढे दर वर्षी एकच प्रश्न उभा राहतो. गाय-वासराची पूजा करायची, पण अँटॉप हिलला सवत्स धेनू आणायची कोठून? पूर्वी बाजाराच्या तोंडाशी एक बाई गाय बांधून बसत असे. तिच्याकडूनच चाऱ्याची पेंढी विकत घ्यायची आणि तिच्याच गाईला घालायची, असा तो पुण्याचा सुटसुटीत व्यवहार होता. पुढे ती बाई यायची बंद झाली, आणि तेव्हापासून आमच्याकडे मातीची गाय पाटावर बसते. तिचा रंग उडाला आहे, वासराचा एक कान गेला आहे. पण ती चारा मागत नाही आणि तिला घेऊन कोठे जावे लागत नाही, हा तिचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे मी खाली रांगोळी काढायला उतरले, तो काय! समोरच्या नव्या टॉवरचा नेपाळी पहारेकरी आमच्या इमारतीच्या पायरीशी उकिडवा बसलेला, आणि त्याच्यापुढे ब्राउनी. ब्राउनीच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर एवढे थोरले कुंकू, आणि पुढ्यात पानावर दोन उकडलेली अंडी. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांच्या मुलखात आजचा दिवस कुत्र्यांचा. 'कुकुर तिहार' म्हणतात त्याला. तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. त्या दिवशी पाळलेले कुत्रे आणि रस्त्यावरचे कुत्रे असा भेद धरायचा नाही. समोर येईल त्याला माळ घालायची, टिळा लावायचा आणि काहीतरी चांगलेचुंगले खाऊ घालायचे.

सासूबाईंना हे सांगितले, तर त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं आहे बाई त्यांचं. त्यांचा देव शेपटी तरी हलवतो."

खरे सांगायचे तर ब्राउनी त्या दिवशी शेपटी हलवत नव्हता. अंडी त्याने खाल्ली. पण त्याचे सगळे लक्ष तळमजल्यावरच्या दोन नंबरच्या बंद दाराकडे होते.

आता हा ब्राउनी कोण, ते सांगायला हवे. आमची सीजीएस कॉलनी म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत. खाली पंजाबी, वर मल्याळी, समोर बंगाली, अशी साऱ्या हिंदुस्थानातली बिऱ्हाडे इथे नांदतात आणि त्यांतले कोणीही इथले नसते. बदलीचा हुकूम आला किंवा निवृत्तीची तारीख उजाडली, की एके दिवशी सकाळी दाराशी ट्रक उभा राहतो. ट्रकमध्ये कपाट चढते, फ्रीज चढतो, देवघर चढते, तुळशीची कुंडीसुद्धा जुन्या साडीत गुंडाळून चढते. कुत्रे मात्र राहते. कॉलनीत अशी राहून गेलेली कुत्री किती आहेत ते पाहायचे असेल, तर संध्याकाळी एक फेरी मारावी. रस्त्यावर जन्मलेले कुत्रे तुमच्या हाताकडे बघते. घरातून राहून गेलेले कुत्रे तुमच्या तोंडाकडे बघते.

ब्राउनी चार वर्षे दोन नंबरच्या बिऱ्हाडात पलंगावर झोपला. ती माणसे वाईट नव्हती. बदली झाली तेव्हा त्यांच्या घरातली बाई माझ्याकडे येऊन पदराने डोळे पुसत होती. नवी जागा कशी मिळेल कोणास ठाऊक, आगगाडीत कसे न्यायचे, तुम्ही सगळे आहातच ना, असे म्हणाली. जाताना बिस्किटांची एक मोठी पिशवी ठेवून गेली. बिस्किटे पंधरा दिवसांत संपली. दोन नंबरमध्ये पुढे दुसरे बिऱ्हाड आले, दाराचा रंग बदलला. ब्राउनीची जागा बदलली नाही. आम्ही त्याला वर आमच्याकडे नेऊनही पाहिले. एक रात्र. पोराने त्याच्यासाठी आपली चादर घातली. ब्राउनीने पाणी प्यायले, सगळ्या खोल्या हुंगल्या आणि मग मध्यरात्रीपर्यंत शांतपणे, न भुंकता, आतून आमचे दार खरवडत राहिला. शेवटी ह्यांनी कडी काढली. तो तीन जिने उतरून आपल्या दाराशी जाऊन बसला.

त्या रात्रीपासून आमच्या घरात प्राणी आणण्याचा विषय निघाला तो मिटेना. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा दहाचा. दोघे एका बाजूला. ह्यांचे मत असे, की आणायचाच तर नीट चांगल्या जातीचा कुत्रा आणावा. त्यांच्या कचेरीतल्या एकाने निळ्या डोळ्यांचे हस्की घेतले आहे, म्हणे. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी ज्याच्या अंगावर देवाने दुहेरी लोकर दिली, त्याने वडाळ्याच्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर काय करावे, हे मला कोणी सांगेल तर बरे. पण ह्यांना उत्तर मी दिले नाही, मुलीने दिले. "बाबा, विकत का आणायचं? दत्तक घेऊ या की."

मी मराठीची प्राध्यापिका. कोणी शब्द टाकला की आधी त्या शब्दाभोवती घिरट्या घालायच्या, ही आमची खोड. दत्तक म्हणजे दिलेला. कोणीतरी द्यावा लागतो, तेव्हा तो दत्तक होतो. उचलून आणलेला तो दत्तक नव्हे. आपल्याकडे दत्तक म्हटले की सातारा आठवतो, झाशी आठवते. दत्तक नामंजूर झाले म्हणून एक राणी तलवार उपसून उभी राहिली. आणि आजच्या कायद्यात एक कलम आहे, ते मला फार आवडते. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे, रीतसर झालेले दत्तविधान घेणाऱ्याला, देणाऱ्याला, कोणालाच पुढे रद्द करता येत नाही. मूल व्रात्य निघाले, आपली बदली झाली, घर लहान पडले, कशानेही नाही. आता हे कलम माणसांच्या मुलांचे आहे, कुत्र्यामांजरांना ते लागू नाही, हे मलाही कळते. पण शब्द उसना घ्यायचा आणि त्यातले कलम तेवढे मागे ठेवायचे, हे भाषेच्या दृष्टीने तरी बरे नाही, असे मी त्या दिवशी जेवताना घरात सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "भाषा राहू दे, आमटी निवतेय."

तर एका रविवारी आम्ही सगळे उपनगरातल्या एका प्राण्यांच्या आश्रयस्थानात गेलो. त्याचे नाव मी सांगत नाही. तिथली माणसे स्वतःचे नाव सांगण्याच्या भानगडीत पडत नाहीत, तर मी तरी कशाला सांगू?

मी मनाशी अनाथाश्रमाचे चित्र रंगवून गेले होते. तो निघाला दवाखाना. रस्त्यावरचे धडधाकट कुत्रे आश्रयस्थानात ठेवून घेण्यासाठी नसतेच. २००१च्या आणि नंतर २०२३च्या सरकारी नियमांची रीत अशी, की कुत्रे पकडायचे, त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून आणले तिथेच नेऊन सोडायचे. कारण जागा रिकामी झाली की ती रिकामी राहत नाही. पलीकडच्या गल्लीतले नवे, न टोचलेले कुत्रे तिथे येते. मग आश्रयस्थानात उरते कोण? जे परत रस्त्यावर जगूच शकत नाही, ते. गाडीखाली सापडून मागचे पाय गेलेले, आंधळे, म्हातारे; आई मेलेली पिल्ले; आणि ज्यांना रस्ता म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशी, घरातून राहून गेलेली. एका जाळीमागे एक पांढरा स्वच्छ पोमेरेनियन होता. त्याला दाराशी दोरीने बांधून कोणी रातोरात निघून गेले होते. दोरी चांगली रेशमी होती.

तिथे काम करणारी बाई पस्तिशीची असेल. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे, आणि बोलणे सरळ. तिने आधी आमचीच तपासणी घेतली. घरात माणसे किती? बाहेर कोण किती वेळ असते? कितवा मजला? लिफ्ट आहे का? "तीन जिने चढून यावं लागतं, सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, तुम्ही दोघं दिवसभर कामावर, मुलं शाळेत. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ खाली कोण नेणार?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. "मी नेईन" असे मुलगा म्हणाला, तेव्हा ती हसली नाही. "तुझी परीक्षा असेल तेव्हा?" तिने विचारले. ब्राउनीबद्दल मी विचारले. ती म्हणाली, "नसबंदी झालीय? लस टोचलीय? खायला मिळतं? मग त्याला तिथेच राहू द्या आणि दर वर्षी लस चुकवू नका. त्यानं त्याची जागा ठरवलीय."

अशा रीतीने कुत्रा आणायला गेलेले आम्ही मांजरांच्या खोलीत शिरलो. पिल्लू घेऊ नका, मोठे घ्या, असा तिचा आग्रह. पिल्लाचा स्वभाव पुढे कळायचा असतो, मोठ्याचा आधीच कळलेला असतो. पण लोकांना पिल्लेच हवी असतात, तीही पांढरी किंवा पिंगट. काळी मागे राहतात. अमावास्येला काळे मांजर आडवे जाते म्हणून नव्हे हो, फोटो चांगला येत नाही म्हणून! आमच्या मुलीने बोट दाखवले ते एका काळ्या मांजरीकडे. वय अंदाजे सहा. डावा डोळा नाही. कोपऱ्यातल्या खोक्यावर ती अशी बसली होती, जणू आमचीच मुलाखत चालली आहे.

मग फॉर्म. दोन पानी, बारीक टाइपात. खिडक्यांना जाळ्या बसवणार का? नसबंदी झालेली आहे, लसी वेळेवर देणार का? घरातल्या सर्वांची संमती आहे का? मी भराभर लिहीत गेले आणि एका प्रश्नाशी पेन थांबले. "यापूर्वी आपल्या घरी पाळीव प्राणी होता का? असल्यास त्याचे काय झाले?"

मी लिहिले, "होय, मांजर. वारली."

लिहिले खरे. मग त्या अक्षरांकडे पाहत राहिले.

मनी वारली का? मला ठाऊक नाही. मी दहा वर्षांची होते. म्हणजे १९९१च्या आसपासची गोष्ट. आमचे बिऱ्हाड लालबागला चाळीत. वडिलांची गिरणी १९८२च्या संपात गेली ती गेलीच. नंतर ते एका दुकानात हिशेब लिहीत. मनी जिन्याखाली सापडली म्हणून मीच आणली होती. वर्षभरात तिची तीन बाळंतपणे झाली. मांजरीचे दिवस म्हणजे दोन महिने आणि वर चार-पाच दिवस. पिल्ले दूध तोडतात न तोडतात तोच पुन्हा सुरुवात. पहिली पिल्ले लोकांनी कौतुकाने नेली, दुसरी मिनतवाऱ्या करून दिली, तिसरी कोणी घेईना. शेजारच्या खोलीत दुधाचे पातेले उलथले, गॅलरीत घाण झाली, त्यावरून भांडण झाले, आणि एका संध्याकाळी वडिलांनी भाजीची निळ्या पट्ट्यांची पिशवी खुंटीवरून काढली. "चल, हिला सोडून येऊ," म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले, कारण माझ्या हाताशिवाय ती पिशवीत शिरली नसती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

भाऊच्या धक्क्यावर आम्ही तिला सोडले. "इथे मासे मिळतात," वडील म्हणाले. "खूप मासे. चैन आहे तिची." पिशवीचे तोंड उघडल्यावर ती लगेच पळाली नाही. माझ्या पायाशी अंग घासून बसली. मग कोणीतरी टोपली आदळली तशी होड्यांच्या दोरखंडांमागे गेली. परत येताना ती पिशवी वडिलांच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी आईने तीतून मेथी आणली.

वाचकांपैकी कित्येकांनी आपापल्या घरात अशी एक पिशवी पाहिली असेल. जागा निरनिराळ्या असतील. कोणी मांजर मासळीबाजारात सोडते, कोणी देवळाशी, कोणी पुलापलीकडे. आणि प्रत्येक ठिकाणी तिची चैनच होणार असते. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेल्या जनावराला असे उपाशी मरण्याजोगे सोडून देणे हा गुन्हा लिहिला आहे. पहिल्या खेपेला दंड १० ते ५० रुपये. मेथीच्या दोन जुड्यांत भागण्यासारखा.

मला आता राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या चाळीपासून चालत वीस मिनिटांवर, परळला, जनावरांचे रुग्णालय होते. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने दिलेल्या देणगीतून ते १८८३ साली उभे राहिले. शेजारी १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था तर मुंबईत त्याच्याही आधीची, १८७४ सालची. आणि त्याही मागे जायचे, तर १८३२च्या जूनमध्ये ह्या शहरात कुत्र्यांवरून दंगा झाला होता! सरकारचे शिपाई मोकाट कुत्री मारत सुटले. दर कुत्र्यामागे त्यांना बक्षीस मिळे. पारशी लोक चिडून रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, गोऱ्या फौजेची रसद अडली. दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. मुक्या जनावरांसाठी एवढे सगळे करून ठेवलेल्या शहरात, आमच्या घरातून वीस मिनिटांवर मनीची शस्त्रक्रिया होऊ शकली असती, हे आमच्या चाळीत एकाही माणसाच्या डोक्यात आले नाही. आम्ही निर्दय नव्हतो. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट ऐकून आमच्या चाळीतल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. पण भाकरी संतांची होती आणि कुत्रे विठ्ठल होते. मनी नुसती मांजर होती.

मी फॉर्मवरचा "वारली" हा शब्द खोडला. त्यावर लिहिले, "सोडून आलो."

बाईने वाचले. वर पाहिले. मला वाटले, आता फॉर्म परत येणार. ती म्हणाली, "बहुतेक लोक 'वारली' लिहितात." आणि पान उलटले. मग तिचा पुढचा प्रश्न ह्यांना होता. "सरकारी वसाहत लिहिलंय. बदली झाली तर?" हे म्हणाले, "बरोबर नेऊ." "ते मला सांगू नका. इथे खाली लिहून द्या." ह्यांनी लिहून दिले, आपली संपूर्ण सही करून, कचेरीत करतात तशी तारखेसकट.

२०२५च्या ऑगस्टात दिल्लीच्या कुत्र्यांचा खटला देशभर गाजला, तो आपण वाचला असेल. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सगळी कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा हुकूम दिला, २२ तारखेला तो बदलला. घराघरांत दोन पक्ष पडले, आमच्याही पडले. माझे लक्ष गेले ते त्या बदललेल्या हुकुमातल्या एका लहान तरतुदीकडे. प्राणिप्रेमींनी पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे जरूर दत्तक घ्यावे. मात्र एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. त्या ओरखडेवाल्या बाईने फॉर्मखाली लिहून घेतले होते, ते हेच.

मांजर घरी आली. सासूबाईंनी तिच्या एका डोळ्याकडे पाहून तिचे नाव शुक्राचार्य ठेवले. ती बाईमाणूस असल्याचे सांगितल्यावर 'शुक्रा' अशी दुरुस्ती झाली. नाव तिने सार्थ केले. झारीच्या तोंडात शुक्राचार्य बसले होते, ही आमच्या घरातल्या प्रत्येक तोंडात बसते: वर्तमानपत्रावर, कणकेच्या परातीच्या काठाशी, मी तपासत असलेल्या उत्तरपत्रिकांवर. पहिले आठ दिवस मात्र ती कपाटाखालून बाहेरच आली नाही. तिला ओढून काढू नका, असे आम्हांला आधीच बजावले होते. नवव्या दिवशी रात्री ती निघाली आणि घरात तिला सर्वांत कमी हवी असलेल्या व्यक्तीच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पायाशी जाऊन झोपली.

खरा पेच जेवणाचा. आमच्याकडे मासे शिजत नाहीत. सासूबाईंचा बेत होता दूधभाताचा. पण मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, आणि नुसत्या दूधभातावर ठेवलेले मांजर हळूहळू आंधळे होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सगळेच चमकले. टॉरिन म्हणून एक द्रव्य असते. ते मांस-मासळीत मिळते, मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते कमी पडले तर डोळे जातात, हृदय बिघडते. "हिला एकच डोळा राहिलाय," सासूबाई म्हणाल्या आणि विचारात पडल्या. दोन दिवसांनी गॅलरीत एक जुनी शेगडी, एक वेगळे पातेले आणि एक वेगळी पळी मांडली गेली. आता कोळीवाड्याच्या बाजारातून हे बांगडा आणतात, सासूबाई नाकाला पदर लावून तो उकडतात आणि काटे काढून देतात. एकादशीलाही देतात. मी त्याबद्दल एक अक्षर काढत नाही.

आणि मग ह्या जूनमध्ये ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर.

मुलीचे दहावीचे वर्ष, माझे कॉलेज, सासूबाईंची औषधे, क्वार्टर किती दिवस ठेवता येईल त्याचा हिशेब. घरात महिनाभर कागदच कागद. शेवटी ठरले, की दिवाळीनंतर सगळ्यांनी जायचे. मी रजा घेतली आहे. ती वाढेल की नोकरी सुटेल, ते अजून ठरायचे आहे. ह्या धांदलीत शेजारची एक बाई, मनाने चांगली, अडीअडचणीला धावून येणारी, मला जिन्यात म्हणाली, "अहो, मांजराची कसली काळजी करता? इथेच सोडा. आम्ही सगळे आहोत ना. खायला खूप मिळतं इथे."

मी काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडले असते, तर बाहेर आले असते ते माझ्या वडिलांचे वाक्य, आणि ते तर त्या बोललेल्याच होत्या.

त्याच आठवड्यात वडील आले होते. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. खुर्चीवर बसले होते आणि शुक्रा त्यांच्या काठीच्या रबरी टोकाशी खेळत होती. शेजारणीचे बोलणे मी त्यांना सांगितले. का सांगितले, कोणास ठाऊक. चौतीस वर्षांत मनीचे नाव आमच्या दोघांत निघाले नव्हते. ते बराच वेळ मांजराकडे पाहत बसले.

"तिसऱ्या दिवशी गेलो होतो मी," ते म्हणाले.

"कुठे?"

"धक्क्यावर. दुकानातून सुटल्यावर. तुझ्या आईला सांगितलं नाही. पुढेही चार-पाच वेळा गेलो. पिशवी न्यायचो बरोबर." मग जरा थांबून, "काळी-पांढरी पुष्कळ होती तिथे. हाक मारली की सगळीच बघायची."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. बाहेर आले, तेव्हा ते ह्यांना विचारत होते, आगगाडीत मांजर चालते का म्हणून. हे त्यांना समजावून सांगत होते: वातानुकूलित पहिल्या वर्गात दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन सबंध आपल्या नावावर असली तर जनावर जवळ ठेवता येते, त्याचे वेगळे भाडे भरून पावती घ्यायची, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत. चौघांच्या केबिनचा आकडा ऐकून वडिलांनी एकदा डोळे मिटले. गिरणीच्या दिवसांत आमचे वर्ष तेवढ्यात निघाले असते. पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

जाताना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. तळमजल्यावर ब्राउनी दोन नंबरशी बसलेला होता. वडील त्याच्यापाशी थांबले, काठीवर भार देऊन मागे वळले आणि मला म्हणाले, "नेताना पिशवीत नको हं घालूस तिला. टोपली घे. झाकणाची, आतलं दिसेल अशी."